इटलीत धार्मिक सणांना कोणते पदार्थ करतात? सांता लुचियाची कुच्चिया दलियाची केली तर चालेल का?

नाही चालणार. कुच्चिया म्हणजे अख्खा उकडलेला गहू रिकोट्यात, म्हणजे मऊ ताज्या चीजमध्ये, मिसळून केलेला गोड पदार्थ. दलिया शिजेल, गोडही लागेल, पण ती कुच्चिया नव्हे. तुमच्या प्रश्नाचा हा दुसरा भागच मी आधी घेतो, कारण "आपली गव्हाची खीरच की ती, दलिया घाला आणि मोकळे व्हा" हा सल्ला मी फार वेळा ऐकलाय आणि दर वेळी त्यावर भांडलोय.

सांता लुचिया सिसिलीतल्या सिराकूझाची. इ.स. 304 मध्ये रोमन छळात ती हुतात्मा झाली असं परंपरा मानते. दृष्टी सांभाळणारी संत म्हणून लोक तिला डोळ्यांसाठी नवस बोलतात. 13 डिसेंबरला तिची चांदीची मूर्ती सिराकूझाच्या ओर्तिजिया बेटावरच्या कॅथीड्रलमधून निघते. हिरव्या टोप्या घातलेले भोई ती खांद्यावर घेतात, "साराउसाना ये!" म्हणजे "ती सिराकूझाचीच!" असा गजर चालतो, आणि मूर्ती सांता लुचिया अल सेपोल्क्रो चर्चमध्ये मुक्कामाला जाते. 20 तारखेला ती परत येते.

पदार्थ आला तो दुष्काळातून. 1646 मध्ये लोक उपासमारीने टेकीला आले असताना याच दिवशी बंदरात धान्याची गलबतं लागली, असं सांगतात. सिराकूझा आणि पालेर्मो दोघंही ही गोष्ट आपलीच म्हणतात. दळून, मळून, भाजून खाण्याइतका दम कोणातच उरला नव्हता. दाणे तसेच उकळले आणि खाल्ले. म्हणून त्या दिवशी पाव नाही, पास्ता नाही. दाणा जात्यात गेला नाही, हाच या सणाचा कणा. दलिया हा भरडलेला गहू. तो घातलात की सण कशाचा होता तेच निघून जातं.

आपली खीरही वेगळ्या वाटेने जाते. तिथे गहू सडतात, शिजल्यावर गुळात घोटतात. इथे दाणा न दाणा सुटा हवा, दाताखाली आधी तटतटीत लागून मग फुटणारा.

सहा ते आठ जणांसाठी 250 ग्रॅम अख्खा गहू घ्या. सिसिलीत ड्युरम, म्हणजे कडक दाण्याचा गहू, वापरतात आणि आपला बन्सी हा ड्युरमच, तेव्हा दुसरं काही शोधू नका. दोन ते तीन दिवस भिजवा, पाणी रोज सकाळ-संध्याकाळ बदला. मुंबईच्या हवेत भांडं फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी फेस येतो आणि आंबूस वास शेवटपर्यंत जात नाही. मग भरपूर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर दोन-तीन तास. दाण्याचं पोट उकललं की गॅस बंद. लगेच उपसू नका; झाकण ठेवून त्याच पाण्यात निवू द्या, दाणा खरा तिथेच फुगतो. नंतर चाळणीत निथळा आणि कापडावर पसरा. खळीसारखा चिकट थर दाण्यावर राहिला तर सगळं मिश्रण बुळबुळीत होतं.

रिकोटा 500 ग्रॅम. तिथे मेंढीच्या दुधाचा असतो, आपल्याकडे गाईचा मिळतो. चक्का टांगतो तसा कापडात बांधून रात्रभर टांगा. सकाळी 150 ग्रॅम साखर मिसळून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, मग पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून दोनदा काढा. बहुतेकांची कुच्चिया इथेच फसते: ओल्या रिकोट्यात साखर पडली की पाणी सुटतं आणि वाटीच्या तळाशी डबकं साचतं. छेना वापरू नका, कितीही घोटला तरी रवाळ राहतो.

गहू पूर्ण गार झाल्यावरच रिकोट्यात घाला. कोमट असेल तर रिकोटा सैल पडतो आणि चॉकलेट वितळून सगळं मातकट दिसतं. शेवटी 75 ग्रॅम काळ्या चॉकलेटचे बारीक तुकडे, तेवढंच पाकवलेलं फळ आणि थोडी दालचिनी. पालेर्मोत भोपळ्याची द्झुक्काता घालतात. कोहळ्याचा पेठा तिच्या इतका जवळचा आहे की दुकानातली रंगीत टुटीफ्रुटी घालण्याला काही निमित्तच उरत नाही. पेठ्याचा पाक मात्र पुसून घ्या.

पालेर्मोत त्याच दिवशी आरांचिनेही हव्याच: केशर घातलेल्या भाताचे गोळे, आत खिमा-वाटाण्याचा रागू, म्हणजे घट्ट रस्सा, तळलेले. बाहेरून ब्रेडचा चुरा लावतात, त्यामुळे पिठाचा नियम तिथे मोडतो. तरी मी त्यांच्या बाजूने आहे, कारण ताटातला मुख्य घास तांदळाचाच असतो. शिवाय पानेल्ले, म्हणजे हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, कापून तळलेल्या वड्या.

आता बाकीचे सण. 19 मार्चला सान जुझेप्पे: सिसिलीत रिकोटा लावलेली स्फिंचे, नेपल्सला द्झेप्पोले, दोन्ही पिठाचे गोड पदार्थ. ईस्टरला नेपल्सची पास्तिएरा. तिच्यातही शिजवलेला गहू आणि रिकोटा असतो, पण पिठाच्या कवचात भाजून. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, पालेर्मोत मुलांसाठी बदामाच्या लगद्याची रंगवलेली फळं. 3 फेब्रुवारीला, सान ब्याजोला, मिलानमध्ये नाताळचा राखून ठेवलेला पानेत्तोने, म्हणजे बेदाणे घातलेला गोड पाव, खातात, घसा सांभाळावा म्हणून.

काही गोष्टी राहिल्या. कुकर चालतो, पण भिजवलेल्या गव्हालाच आणि मंद आचेवर. न भिजवता शिट्ट्या काढल्यात तर दाणा वरून फुटतो आणि गाभा कच्चा राहतो. आणि "पाव-पास्ता नाही" म्हणजे ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नाही असं समजून सीलिअ‍ॅक (म्हणजे ग्लूटेन न सोसणारा आजार) असलेल्या कोणाला ही वाढू नका. त्यांच्यासाठी पानेल्ले वेगळ्या तेलात तळा. तयार कुच्चिया फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, पुढे दाणा कडक होत जातो. तिथे मोठं पातेलं करून शेजारीपाजारी वाटतात, तेव्हा माप वाढवायचं असेल तर गहू आणि रिकोटा दोन्ही त्याच प्रमाणात वाढवा. साखर मात्र चाखूनच.