पडवीतल्या बाकाला कोणतं पॉलिश?

सागाचा बाक पडवीत ठेवणार असशील तर लाखेच्या पॉलिशचा नाद सोड. दिसतं देखणं, पण कोकणातल्या दमट हवेत त्यावर पांढरट डाग धरतात. ऊन-पाऊस सोसणारं, बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर प्लास्टिकसारखा थर धरणारं पॉलिश) घे. पातळ तीन हात दे. दोन हातांच्या मध्ये पूर्ण वाळू दे आणि ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घास.

खरी मेख पायांच्या तळाशी आहे. लाकूड पाणी ओढतं ते कापलेल्या टोकांतून, आणि नेमकी तीच जागा बहुतेकजण विसरतात. बाक उलटा कर, तिथे मुरेल तेवढं पीयू पाज. काम मार्च-एप्रिलमध्येच उरक. पावसाळ्यात लाकूडच ओल धरून असतं, त्यावर लावलेला थर पुढे सुटतो.

स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे घे, साधे लोखंडी खाऱ्या हवेत गंजून सागावर काळे डाग पाडतात.