फाइल बंद का झाली, ते आधी पाहा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या बर्लिनच्या सरकारी वकिलांच्या फायली ज्यूंचा इतिहास लिहायला कशा उपयोगी पडतात, यावर मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देतो.

प्रश्न : मी नाशिकला वकिली करतो. आपल्याकडे सरकारी वकील खटला उभा राहिल्यावर येतो. त्याच्या फायलीत तारखा आणि आरोपपत्र सोडून काय असणार? त्यातून ज्यूंचं रोजचं जगणं कसं कळेल?

गैरसमज इथेच होतो. जर्मनीतला श्टाट्सअनवाल्ट हा तपासाचाच प्रमुख असतो, पोलीस त्याच्या सांगण्यावरून काम करतात. तक्रार आली की त्याच्याकडे फाइल उघडते, आणि पुढे खटला भरला नाही तरी ती फाइल असतेच. शिवाय न्यायालयाच्या मुख्य फायलीव्यतिरिक्त त्याची स्वतःची एक 'हातफाइल' असते. वरिष्ठांना लिहिलेले अहवाल, मंत्रालयाची विचारणा, वर्तमानपत्रांची कात्रणं हे सगळं तिच्यात. न्यायाधीशाला न दाखवलेला कागद सापडायचा तर तिथेच सापडतो.

आता जगणं. पोलिसाने जबानी घेताना भरलेल्या तक्त्यात नाव, जन्मगाव, धंदा, पत्ता आणि धर्म असे रकाने असायचे. धर्माच्या रकान्यात 'मोझाइश', म्हणजे मोझेसच्या धर्माचा. मग साक्षीदार सांगू लागतो, की मी कुठून येत होतो, दुकान किती वाजता बंद केलं, बरोबर कोण होतं. पोलिसाला हवा असतो मारणाऱ्याचा चेहरा आणि आपल्या हाती लागतो एका कापडविक्याचा अख्खा दिवस. परवान्याशिवाय फेरी करणारे, मुदत संपलेल्या पासपोर्टवर राहणारे, भागीदाराशी भांडलेले, सगळे या फायलींत येतात. जप्त केलेलं यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) पत्र आणि त्याखाली शपथबद्ध दुभाष्याने केलेलं जर्मन भाषांतर एकत्र मिळालं, तर दिवस सार्थकी लागला म्हणायचं.

एक पथ्य मात्र पाळा. या फायलींवरून 'ज्यू असे होते' असं म्हणू नका. कज्जेदलालीच्या कागदांवरून कोकण असा होता, असं आपण म्हणत नाही ना!

प्रश्न : ज्यूंविरुद्ध भाषण करणं किंवा लिहिणं हा तेव्हा गुन्हा होता का? कोणत्या कलमाखाली? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

'ज्यूद्वेष' नावाचं कलम नव्हतं. 1871च्या दंडसंहितेतल्या तीन कलमांवर भागवावं लागे. कलम 130 लोकसंख्येच्या वेगवेगळ्या वर्गांना एकमेकांविरुद्ध हिंसेची चिथावणी देण्याबद्दल, कलम 166 धार्मिक समाजाच्या निंदेबद्दल आणि कलम 185 व्यक्तीच्या अपमानाबद्दल.

खरी गंमत, किंवा खरं दुखणं, या तिघांच्या मधल्या फटीत आहे. 'अमुक दुकानदार चोर आहे' म्हटलं तर अपमान होतो. 'सगळे ज्यू चोर आहेत' म्हटलं तर होत नाही, कारण एवढ्या मोठ्या समूहाचा अपमान होऊ शकतो हेच राइशगेरिश्ट, म्हणजे तिथलं सर्वोच्च न्यायालय, मानायला तयार नव्हतं. व्यक्तीच्या अपमानाचं प्रकरणही बाधित माणसाने स्वतः अर्ज केल्याशिवाय हलत नसे, आणि 'सार्वजनिक हित दिसत नाही, खाजगी फिर्याद करा' असं सांगून सरकारी वकील त्याला वाटेला लावू शकत असे. आपल्याकडे पोलीस ठाण्यात 'अदखलपात्र' लिहून हातात कागद देतात, तसंच काहीसं.

म्हणून 1893 साली स्थापन झालेल्या 'ज्यू धर्माच्या जर्मन नागरिकांची मध्यवर्ती संघटना' या संस्थेचे वकील वाकड्या वाटेने जात. 'डेअर श्ट्यूर्मर' या ज्यूद्वेषी नाझी पत्राचा संपादक युलिउस श्ट्राइशर याला 1929 साली न्यूरेम्बर्गच्या न्यायालयाने दोन महिन्यांची शिक्षा दिली. ज्यू विधीसाठी माणसं मारतात, ही जुनी कंडी त्याच्या पत्राने छापली होती आणि ती धर्मनिंदेच्या कलम 166मध्ये बसली. म्हणजे माणसांविरुद्ध पेटवल्याबद्दल नव्हे, धर्माची निंदा केल्याबद्दल शिक्षा. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, की कलमाचा आकडा हे विषयाचं नाव समजू नका. फायलींच्या यादीत 'ज्यूद्वेष' शोधाल तर रिकाम्या हाताने परत याल. 'अपमान', 'दंगा', 'धर्मनिंदा', 'मालमत्तेची नासधूस' हे शोधा.

बर्लिनचे पोलीस उपाध्यक्ष बेर्नहार्ड वाइस स्वतः ज्यू होते. नाझी पुढारी गोबेल्सने त्यांना हिणवण्यासाठी 'इसिडोर' हे खास ज्यू समजलं जाणारं नाव लावलं. शिवी अशी की एका शब्दातही शिवी नाही, ते तर एक नाव! वाइस चिकाटीने फिर्यादी करत राहिले आणि बऱ्याच जिंकलेही. पण 1928च्या मे महिन्यात गोबेल्स राइशटागवर, म्हणजे जर्मन संसदेवर, निवडून आला आणि त्याला सभासदत्वाचं संरक्षण मिळालं. तिथून पुढे त्याच्यावर खटला चालवायचा तर आधी संसदेची परवानगी मागायची.

प्रश्न : एखादं प्रकरण सविस्तर सांगा ना.

12 सप्टेंबर 1931, शनिवार. ज्यूंच्या नव्या वर्षाचा, रोश हशानाचा दिवस. पश्चिम बर्लिनमधल्या कुरफ्युर्स्टनडाम या बड्या रस्त्यावर संध्याकाळी नाझींच्या तपकिरी सेनेचे, 'एसए'चे शेकडो तरुण साध्या कपड्यांत जमले. बाजूच्याच फाझानेनश्ट्रासवर मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं. 'ज्यू दिसणाऱ्या' लोकांना ते मारत सुटले, कॅफे राइमानची नासधूस केली. मोटारीतून या रस्त्यावर फिरत होता बर्लिनच्या एसएचा प्रमुख, काउंट वोल्फ-हाइनरिश फॉन हेलडॉर्फ.

यातल्या 'दिसणाऱ्या' या शब्दापाशी थांबा. मार खाणारे सगळे ज्यू नव्हते. कुणाचं नाक, कुणाचे केस, कुणाचा चांगला कोट बघून हात उचलला गेला. त्यामुळे या फायलीतून ज्यू किती होते हे मोजता येत नाही. पण विशीतल्या एका बेकार पोराच्या मनात 'ज्यू' म्हणजे नेमकं काय होतं, ते मात्र दिसतं, आणि त्याची नोंद असणारा दुसरा कागद मला माहीत नाही.

तीसहून अधिक तरुणांवर तातडीने खटला चालला आणि बहुतेकांना तुरुंगवास झाला. हेलडॉर्फचा खटला नोव्हेंबरात. सगळा वाद एका प्रश्नावर, की मोटारीतून तो हुकूम देत होता की पोरांना घरी जा म्हणत होता? तो अर्थातच म्हणाला, मी शांत करायला गेलो होतो. खालच्या न्यायालयाने सहा महिने दिले. फेब्रुवारी 1932मध्ये अपिलात दंग्याचा आरोप उडाला, उरला अपमानाबद्दल 100 मार्कांचा दंड.

तीन वर्षांनी, 1935च्या जुलैत, हाच हेलडॉर्फ बर्लिनचा पोलीसप्रमुख झाला. त्याच्याविरुद्ध जबान्या घेणाऱ्या दलाचा साहेब! (पुढे हिटलरविरोधी कटात सामील झाल्याबद्दल ऑगस्ट 1944मध्ये तो फासावर गेला. माणसं सरळ रेषेत जगत नाहीत, आणि फायलींना याचा फार त्रास होतो.)

प्रश्न : न्यायव्यवस्थाच उजवीकडे झुकलेली होती असं वाचलंय. मग तिच्या कागदांवर विश्वास का ठेवायचा? (निवृत्त शिक्षक, सातारा)

झुकलेली होतीच. हायडेलबर्गचे संख्याशास्त्रज्ञ एमिल गुम्बेल यांनी 1922 साली हिशेब मांडला. पहिल्या महायुद्धानंतरच्या चार वर्षांत उजव्यांनी केलेले 354 राजकीय खून, डाव्यांनी केलेले 22. उजव्यांच्या 354पैकी 326 खुनांना काहीच शिक्षा नाही.

पण कागद खोटा आहे आणि कागद एकतर्फी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. एकतर्फी कागद कुठल्या बाजूला कलला आहे हे कळलं की तो उत्तम बोलतो. म्हणून मी फाइल उलटी वाचतो. शेवटचं पान आधी. प्रशियन कारकुनी हुकमाच्या शेवटी दोनपैकी एक संक्षेप असतो. एकाचा अर्थ 'अमुक दिवसांनी पुन्हा समोर ठेवा', दुसऱ्याचा 'दप्तरदाखल'. तीन आठवड्यांनी, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी पुन्हा समोर ठेवलेली आणि एक दिवस काहीच न घडता दप्तरदाखल झालेली फाइल दिसली, की कारण शोधायचं. साक्षीदार सापडला नाही? तक्रारदाराने माघार घेतली? का घेतली?

काही फायलींचा शेवट मात्र चटकन समजतो. 21 मार्च 1933 रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हुकूम काढला, की 'राष्ट्रीय उठावाच्या लढ्यात' केलेले गुन्हे माफ. त्या फटक्यात कित्येक मारेकऱ्यांची प्रकरणं संपली.

शक्य असेल तिथे दुसऱ्या बाजूचा कागद जोडीला ठेवा. वर सांगितलेल्या मध्यवर्ती संघटनेचं दप्तर नाझींनी जप्त केलं, 1945मध्ये ते लाल सैन्याच्या हाती पडलं आणि मॉस्कोच्या एका गुप्त अभिलेखागारात राहिलं. सोव्हिएत संघ कोसळायच्या सुमारास ते असल्याचं बाहेर कळलं. तिथे तीच घटना तक्रारदाराच्या वकिलाच्या शब्दांत भेटू शकते.

प्रश्न : या फायलींत स्त्रिया दिसतात का?

दिसतात, पण बहुधा दुसऱ्याच्या प्रकरणात. 5 नोव्हेंबर 1923ला, पाव 140 अब्ज मार्कांना मिळत होता त्या दिवशी, बर्लिनच्या शोयनेनफिएर्टल या गरीब वस्तीत पूर्वेकडून आलेल्या ज्यूंची दुकानं आणि घरं लुटली गेली. अशा वेळी काय काय गेलं याची यादी बायकाच नीट सांगू शकतात. चादरी किती, ताटं किती, मुलाचा कोट.

सप्टेंबर 1935च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनंतर चित्र बदलतं आणि वाचणं जड होतं. ज्यू आणि 'जर्मन रक्ताच्या' व्यक्तीमधला विवाहबाह्य संबंध गुन्हा ठरला, पण शिक्षा फक्त पुरुषाला. स्त्री मग साक्षीदार. तिची उलटतपासणी इतकी निर्लज्ज असे, की मी त्यातली वाक्यं उद्धृत करत नाही. ज्यूंच्या घरात 45 वर्षांखालील जर्मन मोलकरीण ठेवायलाही बंदी आली. वर्षानुवर्षं एका घरात राहिलेल्या बायका तिथून कशा निघाल्या, तेही या फायलींत शोधावं. जानेवारी 1939पासूनच्या कागदांत ज्यू स्त्रीच्या नावात एक सक्तीचं 'सारा' येतं आणि पुरुषाच्या नावात 'इस्राएल'. फाइलवर तारीख नसली तरी एवढ्यावरून काळ कळतो.

प्रश्न : मला मोडी येते. जर्मन हस्ताक्षर कितपत कठीण?

मोडी वाचणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. 'कुरेंट' लिपीत ई, एन, एम, यू सगळे एकाच नागमोडी रेषेत जातात, पण लेखणी न उचलता लिहिणाऱ्याची लय तुम्हाला ओळखीची आहे. दीड-दोन महिने रोज तासभर बसा. टंकलिखित कागद बरेच असतात, अडतं ते समासातल्या शेऱ्यांपाशी, आणि महत्त्वाचं सगळं समासातच असतं.

जानेवारी 1941मध्ये नाझींनीच गॉथिक छापील वळणाला 'ज्यू अक्षरं' ठरवून बाद केलं. ज्या पत्राने हा हुकूम निघाला, त्याच्या वरचं छापील शीर्षक गॉथिकमध्येच होतं.

प्रश्न : हे फक्त जर्मनीपुरतं आहे का?

मुळीच नाही. पोलंडमधल्या राडोमजवळच्या प्शितिक गावात 9 मार्च 1936ला बाजाराच्या दिवशी दंगल झाली. एक ज्यू जोडपं आणि एक पोलिश शेतकरी मारले गेले. आरोपी 57 होते, 43 पोल आणि 14 ज्यू. जोडप्याच्या खुनातले आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि शेतकऱ्यावर गोळी झाडणाऱ्या ज्यू तरुणाला आठ वर्षं झाली. हल्ला आणि प्रतिकार एकाच आरोपपत्रात बसवले, की दोन बाजूंची 'मारामारी' तयार होते. इथे शेवटच्या पानाआधी पहिलं पान पाहा. आरोपींची यादी कोणत्या क्रमाने लावली आहे, आणि कुणी लावली आहे.

प्रश्न : आजोबांच्या शेजाऱ्यांवर 1930च्या दशकात बर्लिनमध्ये खटला झाला होता. फाइल मिळेल का? (मुंबई)

बर्लिनच्या राज्य अभिलेखागाराला पत्र लिहा. ते राइनिकेनडॉर्फ भागात, जुन्या शस्त्रास्त्र कारखान्याच्या इमारतीत आहे. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि राहण्याचा पत्ता कळवा. नुसत्या आडनावावर कुणी शोधत नाही. जर्मनीच्या केंद्रीय कायद्यानुसार व्यक्तीविषयक कागद मृत्यूनंतर दहा वर्षांनी, मृत्यूची तारीख ठाऊक नसेल तर जन्मानंतर 100 वर्षांनी खुले होतात. राज्यांचे नियम थोडे वेगळे असतात. बऱ्याच फायली बॉम्बहल्ल्यांत जळल्या, काही युद्धानंतर 'किरकोळ' म्हणून निकालात काढल्या गेल्या. फाइल नसेल तर नोंदवहीतली एक ओळ तरी आहे का, हे त्याच पत्रात विचारा. प्रकरणाचा क्रमांक, तारीख आणि ते कसं संपलं एवढं तिथे मिळू शकतं.