डोक्याला मार आणि कानात सतत आवाज

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी वावरातून कापूस आणताना माझे वडील (वय ५६) बंडीवरून पडले व डोक्याच्या डाव्या बाजूला मार लागला. मेंदूचा सीटी स्कॅन नॉर्मल आला. पण तेव्हापासून डाव्या कानात सारखा किर्रर्र आवाज येतो. विहिरीवरची मोटार चालूच राहिली असे वाटून ते रात्री उठून बसतात. घरची मंडळी कानात लसणाचे तेल टाका म्हणतात. या माराचा कानाशी संबंध असेल का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : संबंध असू शकतो. मात्र आधी तेलाचे सांगतो : ते मुळीच टाकू नका. अशा मारात पडदा फाटलेला असू शकतो आणि मग तेल पडद्यामागच्या पोकळीत (मध्यकर्णात) उतरून जंतुसंसर्ग होतो.

ऐकण्याचा शंखासारखा अवयव कानशिलाच्या हाडातच बसवलेला असतो, त्यामुळे डोक्याच्या बाजूला बसलेला धक्का थेट त्याच्यापर्यंत पोहोचतो. ध्वनी टिपणाऱ्या त्यातील सुमारे १५ हजार केसपेशी हाड न मोडताही दुखावू शकतात, आणि मेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू ती उणीव स्वतःच भरून काढू पाहतो व त्यातून कर्णनाद, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात येणारा आवाज, उमटतो, असे मानले जाते. म्हणून वडिलांना ऐकू येणारी मोटार हा त्यांच्या मनाचा खेळ आहे, असे घरात कोणीही म्हणू नये.

मात्र दोष नेमका कुठे आहे, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पडद्यामागे साचलेले रक्त बहुधा काही आठवड्यांत जिरते. मध्यकर्णातील तीन चिमुकल्या हाडांचा सांधा निखळला असेल, तर तो शस्त्रक्रियेने जुळवता येतो. मेंदूचा स्कॅन नॉर्मल असला म्हणजे कानही ठीक आहे असे नव्हे. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय येथील कान-नाक-घसा विभागात ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. जाताना जुनी फिल्म आणि चालू गोळ्या सोबत न्या, कारण काही वेदनाशामक गोळ्यांनीही हा आवाज वाढतो.

कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव येणे, तोंड वाकडे होणे, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येणे किंवा अचानक ऐकू येईनासे होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कर्णनाद हमखास थांबवणारी गोळी नाही. ऐकणे कमी झाले असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांना आराम पडतो. रात्रीच्या शांततेत आवाज मोठा भासतो, तेव्हा उशाशी पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ चालू ठेवून पाहा.