ऐन जुलैत उलुवातूला जावे का?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र चार वर्षांपासून वाळूच्या किनाऱ्यांवर सर्फिंग करतो. छातीएवढ्या लाटेवर आम्हाला नीट उभे राहता येते आणि दोन्ही बाजूंना वळता येते. येत्या जुलैमध्ये दहा दिवस बालीच्या बुकित द्वीपकल्पावर राहून उलुवातू, पडांग पडांग आणि बिंगिन या तिन्ही ठिकाणी सर्फिंग करण्याचा आमचा बेत आहे. प्रवाळाच्या खडकावर, म्हणजे रीफवर, आजवर आम्ही उतरलेलो नाही. ऐन हंगामात जाणे योग्य ठरेल का आणि तयारी कशी करावी?

उत्तर : जुलैतल्या लाटांविषयी तुम्ही जे ऐकले असेल ते खरे आहे. तरीही पहिल्या रीफसाठी मी तुम्हाला जुलै सुचवणार नाही. त्याचे कारण हंगाम कसा घडतो हे पाहिल्यावर लक्षात येईल.

जून ते ऑगस्ट हा दक्षिण गोलार्धातला हिवाळा असतो. या काळात ‘गर्जणारे चाळीस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, ४० ते ५० अंश दक्षिण अक्षांशांमधल्या पट्ट्यात आणि त्याच्याही दक्षिणेला एकामागून एक मोठी वादळे उठतात आणि त्यांच्या लाटा हिंद महासागर ओलांडून बालीपर्यंत येतात. सोळा सेकंद अंतराच्या लाटांचा समूह खोल समुद्रात ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर पुढे सरकतो. त्यामुळे मोठ्या लाटा येणार हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळते. त्याच महिन्यांत आग्नेय व्यापारी वारे बुकितच्या पश्चिम कड्यावरून समुद्राकडे वाहतात, लाटेचा माथा सावरून धरतात आणि तिचा चेहरा गुळगुळीत ठेवतात. मात्र हाच वारा लाट पकडताना तुषार थेट डोळ्यांत उडवतो आणि बोर्डाला माथ्यावरच अडवतो. उभे राहायला क्षणभर उशीर झाला, तर लाट तुम्हाला घेऊन थेट खडकावर कोसळते.

अंदाज वाचताना केवळ उंचीकडे पाहू नका. दीड मीटर उंचीच्या आणि आठ सेकंद अंतराच्या लाटांपेक्षा तेवढ्याच उंचीच्या, पण सोळा सेकंद अंतराच्या लाटांत जवळजवळ दुप्पट ऊर्जा असते आणि उथळ खडकावर त्या कितीतरी जास्त उभ्या राहतात. शिवाय अशा लाटा थव्याने येतात व दोन थव्यांमध्ये समुद्र कधी कधी दहा-पंधरा मिनिटे अगदी शांत दिसतो. कड्यावरून पाच मिनिटे पाहून ‘आज लहान आहे’ असे ठरवणारे याच शांततेत फसतात. किमान अर्धा तास बसून पाहा आणि सर्वांत मोठ्या थव्यावरून निर्णय घ्या.

आता जागांविषयी. पडांग पडांगची मुख्य लाट तुमच्या यादीतून या वेळी काढून टाका. ती मोठ्या लाटांच्या दिवसांतच जागी होते, अत्यंत पोकळ असते आणि उथळ खडकावर फुटते, त्यामुळे ती अनुभवी सर्फरांसाठीच आहे. शेजारीच उजवीकडे जाणारी एक लहान, सौम्य लाट आहे, तिथे जरूर उतरा. बिंगिनची लाट आखूड असून ओहोटीला तिच्याखाली फारच थोडे पाणी उरते. ती एखाद्या लहान दिवशी, पाणी चढलेले असताना पाहावी. उलुवातू मात्र एक लाट नसून एकाच खडकावरच्या अनेक जागा आहेत. ‘रेसट्रॅक्स’ हा वेगवान, उथळ भाग पाणी उतरल्यावर रंगतो, तर ‘पीक’ हा गुहेसमोरचा भाग मध्यम ते चढत्या पाण्यात तुलनेने सोसवणारा असतो. तुमच्यासाठी ‘पीक’च, आणि तोही लाट खांद्यापेक्षा उंच नसेल तेव्हा.

सहलीचे वेळापत्रक घड्याळावर न बांधता भरती-ओहोटीवर बांधा. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे सोमवारी सकाळी सात वाजता जिथे सुरक्षित पाणी होते, तिथेच शुक्रवारी सातला खडक वर आलेला दिसू शकतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात पाणी दोन मीटरांहून अधिक चढते-उतरते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत हा फरक बराच कमी असतो. रीफवरचे तुमचे पहिले दिवस भांगात येतील अशी तारीख निवडा. विमानाचे भाडे पाहण्याआधी पंचांग पाहावे, असे मी गंभीरपणे सुचवते.

उलुवातूच्या गुहेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पहिल्या वर्षी मी तिथेच चुकले. कड्याच्या पायऱ्या उतरून आपण एका गुहेत पोहोचतो व तिच्या तोंडातून पाण्यात शिरतो. जाणे सोपे असते, परतणे कठीण. पाण्याचा ओढा लाटेच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे, सतत वाहत असतो. मी गुहेचे तोंड समोर ठेवून सरळ पॅडल मारत आले आणि वीस-पंचवीस मीटर उरले असताना ते तोंड माझ्या उजवीकडे सरकताना दिसले. मी जोर लावला, हात भरून आले, आणि पाहता पाहता समोर काळ्या कड्याशिवाय काही उरले नाही. करायचे होते ते इतकेच : प्रवाहाच्या वरच्या अंगाला, गुहेच्या बरेच दक्षिणेकडे लक्ष्य धरून यायचे, आणि चुकलेच तर झगडत न बसता पुन्हा खोल पाण्यात जाऊन, मोठा वळसा घेऊन, नव्याने यायचे. एवढे बळ हातांत शिल्लक असतानाच परतीला निघावे. भर भरतीत मोठ्या लाटा थेट गुहेत शिरतात, म्हणून बाहेर यायची वेळ आत शिरण्यापूर्वीच ठरलेली असावी.

ऐन हंगामातली आणखी एक अडचण म्हणजे गर्दी. लाट फुटण्याच्या जागेच्या सर्वांत जवळ असलेल्या सर्फरचा त्या लाटेवर पहिला हक्क असतो. त्याच्यासमोर उतरणे हा तिथला सर्वांत मोठा अपराध आहे, आणि उथळ खडकावर तो नुसता उद्धटपणा राहत नाही, त्यातून माणसे जखमी होतात. बाहेर जाताना फुटणाऱ्या लाटेच्या बाजूने वळसा घेऊन जा आणि लाट अंगावर आली तरी बोर्ड सोडू नका. तिघांनी एकत्र जाऊन बसू नये. एकेकाने कडेला थांबावे आणि स्थानिकांना आधी लाटा घेऊ द्याव्यात.

या सगळ्याचा विचार करता मी तुम्हाला एप्रिलचा उत्तरार्ध व मे, किंवा सप्टेंबरचा शेवट व ऑक्टोबर सुचवेन. वारा तेव्हाही बहुधा अनुकूल असतो, लाटा सरासरीने लहान असतात आणि पाण्यात माणसे कमी असतात. जुलैच पक्का असेल, तर तीन जागांचा हट्ट सोडून एकाच जागेजवळ राहा, पहिले दोन दिवस जवळच्या कुता या वाळूच्या किनाऱ्यावर हात मोकळे करा, आणि मोठ्या लाटांच्या दिवशी कड्यावर बसून पाहण्याची मनाची तयारी ठेवा. तो दिवस वाया जात नाही, कारण कुशल सर्फर कुठून आत जातात आणि कुठे थांबतात हे वरून जितके स्पष्ट दिसते तितके पाण्यातून कधीच दिसत नाही. परदेशी प्रवाशांकडून बालीत २०२४ पासून १,५०,००० रुपिया इतके शुल्क घेतले जाते, ते निघण्यापूर्वीच भरून ठेवा. विम्यात सर्फिंग आणि वैद्यकीय स्थलांतर (जखमीला दुसऱ्या रुग्णालयात हलवणे) या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे ना, हे अटी वाचून तपासा.

प्रश्न : प्रवाळाने कापल्यास काय करावे? लिंबू चोळावे असे ऐकले आहे.

उत्तर : लिंबाने आग होते आणि उपचार झाल्याचे समाधान मिळते, पण जखम त्याने स्वच्छ होत नाही. प्रवाळाचे बारीक कण आणि त्यावरचे जीव जखमेत राहतात, आणि उष्ण, दमट हवेत ती लवकर चिघळते. पिण्याच्या स्वच्छ पाण्याची भरपूर धार सोडून, साबण लावून, नव्या मऊ ब्रशने जखम घासा. हे दुखते. मी दातांत टॉवेल धरून केले आहे, पण पहिल्या तासात केलेली ही सफाई पुढचे आठ दिवस वाचवते. नंतर जंतुनाशक लावून जखम कोरडी ठेवा आणि ती भरेपर्यंत समुद्रात जाऊ नका. लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वीच घेतलेली असावी.

कापून घेण्याची वेळ कमी यावी यासाठी पडण्याची सवय बदला. वाळूवर आपण सूर मारतो किंवा पायांवर उतरतो, इथे दोन्ही वर्ज्य आहे. अंग पसरून, पाण्याच्या पृष्ठभागावर आडवे पडावे आणि वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकावे. पाणी कमरेएवढे दिसले तरी उभे राहू नये, बोर्डावर पोटावर पडूनच बाहेर यावे.

प्रश्न : बोर्ड दुरुस्तीसाठी सोबत काय न्यावे?

उत्तर : आधी तुमचा बोर्ड कोणत्या फोमचा आहे हे पाहा. पॉलिस्टिरिन फोमवर पॉलिएस्टर रेझिन (चीर बुजवण्याचा, वाळून कडक होणारा चिकट द्रव) लावल्यास फोम विरघळतो, त्यासाठी इपॉक्सी रेझिनच हवे. पॉलियुरेथेनच्या बोर्डावर दोन्ही चालतात. चीर पडल्यावर बोर्ड पूर्ण वाळू द्या, मगच ती बुजवा. जादा लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), फिनचा, म्हणजे बोर्डाखालच्या पात्यांचा, एक संच व त्यांची चावी, आणि पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावायचे, उष्ण पाण्यासाठीचे कडक वॅक्स बरोबर असू द्या. थंड पाण्याचे वॅक्स तिथल्या उन्हात बोर्डावरून ओघळून जाते.