बाहेरचं खायचंय, पण पोटाला आणि खिशाला झेपेल असं

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा. मुलांना क्लासवरून घेऊन घरी पोचेपर्यंत आठ वाजतात आणि आठवड्यातून एक-दोनदा तरी बर्गर नाहीतर पिझ्झा होतोच. चौघांचं बिल बघून पोटात गोळा येतो आणि मुलांच्या पोटात काय काय जातंय याची टोचणी वेगळीच. "घरीच करत जा" एवढं सांगू नका प्लीज, ते कळतं. बाहेरच खायचं झालं तर काय मागवू?

उत्तर : नाही सांगणार. दिवसभर राबून आल्यावर रात्री आठला कुकर लावायचा जीव प्रत्येकात उरतोच असं नाही, आणि आठवड्याची बाकीची जेवणं धड होत असतील तर एक-दोन वेळच्या बाहेरच्या खाण्याने काही आभाळ कोसळत नाही. तेव्हा टोचणी आधी बाजूला ठेवा.

आता मुद्द्याचं. आपण सगळा विचार करतो तो बर्गर कुठला घ्यायचा याचा, पण खरी गडबड असते बर्गरच्या आजूबाजूला, म्हणजे कोल्ड्रिंक, फ्राईज, डिप, एक्स्ट्रा चीज. बिल फुगतं तेही यानेच आणि साखर, मीठ, तेल वाढतं तेही यानेच, म्हणजे एकाच जागी कात्री लावली की दोन्ही कामं होतात. म्हणून काउंटरवर "कॉम्बो करू का?" असं विचारलं की सरळ नाही म्हणा. कॉम्बो स्वस्त दिसतो खरा, पण नुसता बर्गर आणि पाणी घेतलं तर बिल त्याहून कमीच होतं, आणि "थोडेसे जास्त देऊन लार्ज" हा प्रकार तर जे नको होतं तेच जास्त घ्यायला लावतो.

सगळ्यात आधी कोल्ड्रिंक बंद करा, बाकी काही जमलं नाही तरी हे कराच. ३३० मिलीच्या साध्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ-नऊ छोटे चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेल्या साखरेतून दिवसभरातल्या कॅलरीच्या १० टक्क्यांपेक्षा कमी कॅलरी याव्यात, ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर अजून चांगलं. तुमच्या ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला १४०० च्या आसपास कॅलरी लागत असतील तर ते १० टक्के म्हणजे ३५ ग्रॅमच झाले की! एका कॅनमध्ये दिवसाचा कोटा संपला, आणि बिस्किट, जॅम, केचप यातली साखर अजून मोजलीच नाहीये. घरून पाण्याच्या बाटल्या न्या, मुलं दोन-तीन वेळा कुरकुर करतील, मग सवय होते.

फ्राईज पूर्ण बंद करू नका, उगाच रडारड होईल. चौघांत मिळून एकच घ्या आणि मधे ठेवा. ऑर्डर देतानाच "मीठ न घालता" म्हणून सांगा, बऱ्याच ठिकाणी देतात, आणि त्यासाठी वेगळी तळावी लागते म्हणून गरमागरम पण मिळते.

मेन आयटममध्ये तळलेल्यापेक्षा ग्रिल्ड घ्या. एकदा नगेट मधोमध मोडून बघा, बाहेरचं आवरण किती जाड आहे आणि आत चिकन किती आहे ते डोळ्यांनीच दिसेल, ते आवरण म्हणजे पीठ आणि त्याने पिऊन घेतलेलं तेल, आणि पैसे आपण चिकनचे म्हणून देतो. बर्गर एकाच पॅटीचा, चीज-मेयो नको म्हणून सांगायचं किंवा मेयो वेगळं मागायचं. मेयोनेज बहुतांशी तेलच असतं, एका मोठ्या चमच्यात ९० च्या आसपास कॅलरी. पिझ्झा असेल तर पातळ बेसचा, वर भाज्या भरपूर, चीज नेहमीचंच, आणि सॉसेज-सलामीसारखं प्रोसेस्ड मांस शक्यतो टाळा कारण त्यात मीठ खूप असतं.

अजून एक, मुलं भुकेने कासावीस झालेली असताना ऑर्डर देऊ नका. क्लासमधून बाहेर पडल्या पडल्या हातात केळं नाहीतर सफरचंद द्या, दुकानात पोचेपर्यंत भुकेची धार कमी होते आणि "मला दोन हवेत" हे ऐकू येत नाही. आणि जमेल तेव्हा स्वतः जाऊन पार्सल आणा. अॅपवर बरेचदा त्याच पदार्थाचे पैसे जास्त लावतात, वर डिलिव्हरी, वर पॅकिंग, शिवाय मिनिमम ऑर्डर भरायची म्हणून आपण नको ते डेझर्ट टाकतो ते वेगळंच.

प्रश्न : मी बर्गरऐवजी सॅलड किंवा रॅप घेते, ब्रेड असेल तर ब्राऊन. पैसे जास्त जातात पण हेल्दी आहे ना?

उत्तर : दरवेळी नाही. सॅलडमध्ये तळलेलं चिकन, चीज, तळलेले ब्रेडचे तुकडे आणि वरून क्रीमी ड्रेसिंगचं अख्खं पाकीट ओतलं तर ते साध्या बर्गरच्याही वर जाऊ शकतं. ड्रेसिंग ओतू नका, झाकणात काढा, काट्याचं टोक त्यात बुडवा आणि मग पान टोचा, प्रत्येक घासाला चव लागते आणि पाकीट निम्मं उरतं. रॅपची पोळी मोठी असेल तर तीही दोन ब्रेडपेक्षा जास्त भरते. ब्राऊन रंगावर तर अजिबात जाऊ नका, रंग कॅरॅमलनेही येतो. घटकांमध्ये पहिलं नाव अख्ख्या गव्हाचं असेल तरच जास्तीचे पैसे द्या. मोठ्या चेन आपल्या साइटवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी आणि मीठ किंवा सोडियम देतात, तुम्ही नेहमी घेता ते दोन-तीन पदार्थ एकदा निवांत बघून ठेवा, म्हणजे रांगेत उभं राहून डोकं खपवायला नको.

प्रश्न : सासऱ्यांना बीपी आहे, पण नातवंडांबरोबर त्यांनाही पिझ्झा हवा असतो. द्यावा का?

उत्तर : डॉक्टरांनी मिठाबद्दल काय सांगितलंय ते आधी बघा, ते पहिलं. मोठ्या माणसासाठी दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोट्या चमचाभराच्या आत असावं असं सांगतात, आणि पिझ्झ्यात ते बेस, सॉस, चीज तिन्हीकडून येतं, वरून भुरभुरलेलं नसलं तरी. सोबत लोणच्यातली मिरची, ऑलिव्ह असेल तर अजून भर. डॉक्टर हो म्हणत असतील तर भाज्यांचा एक पातळ तुकडा द्या, सोबत घरची काकडी-टोमॅटो बिनमिठाची, आणि त्या दिवशीच्या बाकीच्या जेवणात मीठ हात राखून घाला.