पश्चात्ताप आणि 'वापस'

दारव्ह्याकडच्या एका गावातून विचारणा आली आहे: 'पश्चाताप' लिहायचं की 'पश्चात्ताप'? आणि ख्रिस्ती प्रार्थनेत एक आजी "देवा, मी तुह्यापाशी वापस आली" असं म्हणतात, तेव्हा "वापस हिंदी आहे, पश्चात्ताप केला म्हणा" असं त्यांना सांगतात. ते बरोबर का?

पश्चात् अधिक ताप, म्हणून दोन त. हे एवढंच.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. दिवाळीच्या आधी कापूस विकला, मग भाव चढला, की लोक म्हणतात, "पश्चात्ताप झाला." अहो, ही हळहळ! शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, पश्चात्ताप 'करा' अशी आज्ञा आहे. हळहळ कुणी आज्ञेवरून करत नाही. तिथला ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. त्यात ताप कुठेच नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाच्या पस्ताव्याला मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात (२७:३) वेगळंच क्रियापद वापरलं आहे. यहूदा पस्तावला, पण येशूकडे आला नाही. येशूला ओळखत नाही म्हणणारा शिष्य पेत्रही ढसाढसा रडला, पण तो आला.

आता आजींचा शब्द. बायबलच्या जुन्या करारातले संदेष्टे पश्चात्तापासाठी 'शूव' हे इब्री क्रियापद वापरतात. त्याचा साधा अर्थ परत येणं. मवाब देशातून नामी नावाची विधवा आपल्या गावी बेथलेहेमला निघते तिथेही हेच क्रियापद. 'वापस' तंतोतंत तेच सांगतो! आणि त्याचं मूळ हिंदीत नाही, फारसीत आहे. त्यातला 'पस' म्हणजे मागे. अवेस्ता या जुन्या इराणी धर्मग्रंथात 'पस्च', संस्कृतात 'पश्चात्'. म्हणजे वापस आणि पश्चात्ताप एकाच मुळाचे, आणि आपला 'पस्तावा' पश्चात्तापाचाच वंशज. वऱ्हाडी बोलीला अशुद्ध ठरवणाऱ्या पंडितांनी हे आधी तपासायला हवं होतं.

प्रवचनात ताप शब्द धरून 'जेवढं रडणं तेवढा पश्चात्ताप' असं शिकवणाऱ्यांशीही माझं मुळीच पटत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायात, येशूच्या गोष्टीतला घर सोडून गेलेला धाकटा मुलगा रडला असं कुठे लिहिलंय? तो शुद्धीवर येतो, उठतो, बापाकडे निघतो. मुलगा म्हणून हक्क सांगायचा नाही, मजूर म्हणून ठेवा म्हणायचं, हे त्याने वाटेला लागण्याआधीच ठरवलेलं असतं. नम्रता ती हीच. बाप मात्र ते मागणं पुरतं ऐकूनही घेत नाही. झगा, अंगठी, जोडे मागवतो. प्रेषितांची कृत्ये ३:१९ मध्येही पेत्र आधी मन पालटायला आणि वळायला सांगतो, ताजेपणाचे दिवस त्यानंतर, आणि तेही प्रभूकडून येणारे.

आजींना टोकू नका. त्यांचं वाक्य मंडळीने उचलावं.