सभागृह नको, वीस खुर्च्या दे

प्रिय लेकी,

कार्यक्रमांचा कागद मिळाला. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं आणि विद्यापीठातल्या निवृत्तांच्या उपक्रमांचं समन्वयकपद तुझ्या गळ्यात पडलं. नवीन माणसाच्या गळ्यात हेच पडतं, वाईट वाटून घेऊ नकोस. वर्षाचे बारा कार्यक्रम आखलेस, त्यातली नऊ व्याख्यानं. गुडघे, मधुमेह, हृदय, सकारात्मक विचार, शेवटी शाल-श्रीफळ. परीक्षा विभागात लाल पेनाची सवय लागली ती सुटत नाही. नवातली सहा मी खोडली आहेत. कारण सांगते.

मी निवृत्त झाले तेव्हा मलाही असंच बोलावणं आलं होतं. साडेतीनशे खुर्च्यांचं सभागृह, आम्ही चाळीस जण. पहिल्या रांगेत माजी विभागप्रमुख, मागे प्राध्यापक, त्यांच्या मागे आम्ही शिक्षकेतर. निवृत्त शिपाई दाराशी उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. डॉक्टरांनी तासभर रक्तवाहिन्यांची चित्रं दाखवली, चहा-बिस्किट झालं, घरी आले. पुढच्या वेळी गेलेच नाही. आणि मी आले नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. निकालाच्या दिवशी मी अर्धा तास उशिरा पोचले तर जिन्यापर्यंत माणसं शोधायला यायची, त्याच इमारतीत!

व्याख्यानाशी माझं वैर नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे व्याख्यान ऐकणं हा संस्कारच आहे. पण ज्यांनी पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून काढली त्यांना तू नुसतं ऐकायला बसवतेस. आणि ज्यांनी पस्तीस वर्षं त्यांच्या मागे फायली धरल्या त्यांना परत त्यांच्याच मागे बसवतेस.

1973 साली फ्रान्समधल्या तुलूज शहरात प्येर व्हेलास यांनी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ काढलं. तिथे प्राध्यापक शिकवत, म्हातारी माणसं शिकत. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना ब्रिटनमध्ये गेली, तिकडे केंब्रिजचे इतिहासकार पीटर लॅस्लेट वगैरे मंडळींनी ती उलटी करून टाकली: ज्याला जे येतं त्याने ते शिकवायचं, जे येत नाही ते शेजाऱ्याकडून शिकायचं. पगार नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. आयुष्यभर परीक्षा घेतलेली बाई सांगते, हा दुसरा नमुना उचल.

आता आमच्याकडे काय जमलं ते सांगते. इतिहास विभागातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मोडीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांच्या लिपीचा, वर्ग काढला. पहिल्या दिवशी आम्ही सात जण. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचीही भानगड नाही. हे ऐकून आमचे एक निवृत्त लेखापाल म्हणाले, “बाई, हे मला शाळेत का नाही शिकवलं?” तिसऱ्या आठवड्यात त्यांनी घरच्या ट्रंकेतला आजोबांच्या जमिनीचा कागद आणला. सातही डोकी त्यावर वाकली. दोन तासांत साडेचार ओळी लागल्या, आणि त्यातही एका शब्दावरून भांडण! तो शब्द ‘बागाईत’ (पाण्याखालची जमीन) की ‘जिराईत’ (पावसावरची) हे ठरेना, आणि शेतीत त्यावर केवढं अवलंबून, तूच बघ. पुढच्या मंगळवारी सगळे वेळेआधी हजर. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात, परीक्षाही असते. आमच्यातल्या दोघांनी ती द्यायचं ठरवलं. माझ्या खाडाखोडीमुळे रिकाम्या झालेल्या सहा जागांपैकी चार तरी अशा वर्गाला दे.

दुसरी गोष्ट झाडांची. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले एक परिचर, साठीला निवृत्त झालेले. (आमची ही गंमत बघ: प्राध्यापक आणि शिपाई निवृत्त होतात 60 व्या वर्षी, मधले आम्ही कारकून 58 व्या.) त्यांना म्हटलं, आवारातली झाडं दाखवा. ते लाजले, म्हणाले, “सर असताना मी काय बोलू?” सर म्हणजे त्यांचेच माजी विभागप्रमुख, तेही आले होते. टेकडीच्या कडेला पांढऱ्याफेक बुंध्याचं एक झाड आहे. सर म्हणाले, स्टर्क्युलिया युरेन्स. परिचर हळूच म्हणाले, “आम्ही कांडोळ म्हणतो. भुत्या पण म्हणतात. पानं झडल्यावर चांदण्यात उभा दिसतो ना, म्हणून.” मग डिंक कसा काढतात, पूर्वी सहलीला नमुने गोळा करताना कोण कुठे घसरलं, सगळं निघालं. परतताना सर त्यांच्या मागे चालत होते आणि वहीत लिहून घेत होते. ‘परस्परसंवाद’ असा शब्द तू कागदावर लिहिलायस, तो मी ठेवलाय. पण रांगा मांडल्यास तर तो होणार नाही. खुर्च्या गोल मांड, नावाच्या पाट्या ठेवू नकोस, आणि हजेरीच्या वहीत ‘पदनाम’ असा रकाना आखू नकोस.

बाकी बारीकसारीक. वेळ सकाळी साडेदहा ते बारा. संध्याकाळी अंधारात रिक्षा शोधायला कोणी येत नाही. तळमजला हवा आणि स्वच्छतागृह जवळ हवं, हे विचारायला बायका लाजतात म्हणून मी लिहिते. महिन्याचा पहिला आठवडा टाळ, सगळे बँकेत असतात. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं घेऊन बस आणि एका म्हाताऱ्यामागे एक मूल दे. फोनवर चेहरा दाखवून दाखला करता येतो, तो त्यांच्याच हाताने करून घे. त्याच बैठकीत मुलांना सांग की फोनवर कुणाकडून पैसे मिळायला कधीच पिन घालावा लागत नाही, आणि भामटे फोनवरून धमकावतात ती ‘डिजिटल अटक’ नावाचं काही कायद्यात नाही, हे पाठ करून घ्या. पन्नास स्लाइडींनी जे होत नाही ते एका नातवासारख्या मुलाने होतं.

ग्रंथालयाचं कार्ड आणि विद्यापीठाचा ईमेल निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बंद होतात. व्याख्यानापेक्षा त्यासाठी एक अर्ज लिही आणि कुलसचिवांकडे स्वतः जा. दोनदा परत पाठवतील. तिसऱ्यांदा माझं नाव सांग, माझी सही ओळखणारे अजून तिथे आहेत.

निवृत्तांबरोबर त्यांचे जोडीदारही येऊ देत, आणि जे गेले त्यांचे जोडीदारसुद्धा. आमच्या मोडीच्या वर्गात सगळ्यात सुंदर अक्षर एका निवृत्त ग्रंथपालांच्या पत्नीचं आहे. ते गेले तरी त्या यायच्या थांबल्या नाहीत. फक्त पहिला महिना आल्या नाहीत, तेव्हा लेखापाल त्यांच्या घरी वही पोचवायला गेले होते.

तर मंगळवारी मोठं सभागृह मागू नकोस. भाषा भवनाच्या तळमजल्यावर एक वर्ग असतो, किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या लिपिकाकडे. वीस खुर्च्या पुरतील. रेघ ओढायला फूटपट्ट्या मी आणते.

तुझी,
मावशी